बसलेली म्हैस : होळीपासून दिवाळीपर्यंत अंगणात ठेवल्यानंतरचा अनुभव

सिरॅमिकचं मोठं शिल्प उघड्यावर ठेवलं तर टिकतं का, असं बऱ्याच जणांनी मला विचारलं. टिकतं. पण मी लिहितेय ते तेवढ्यासाठी नाही. मातीकाम कुणाकडेही न शिकलेल्या एका माणसाने ही म्हैस घडवली आहे. घेतली तेव्हा ती मला नुसती आवडली होती. तिच्यात किती विचार आहे ते उन्हाळा आणि पावसाळा तिच्यासोबत काढल्यावर समजत गेलं.

ती घडवणारे काका पूर्वी कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न मेकर होते. फौंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात, कास्टिंगचा साचा उठवायला लागणारे लाकडी पॅटर्न करण्यात त्यांची सगळी नोकरी झाली. बिडाचं कास्टिंग थंड होताना साधारण १ टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवतात. स्टोनवेअरची, म्हणजे उच्च तापमानाला भाजून दगडासारखी घट्ट होणारी, माती वाळून, भाजून निघेपर्यंत १० ते १२ टक्के आकसते. निवृत्तीनंतर माती हातात घेतली तेव्हा हा आकसण्याचा हिशेब त्यांच्या अंगात मुरलेलाच होता. भिंतीची जाडी सगळीकडे सारखी हवी, जाड-बारीक झालं की सांध्यावर चीर जाते, हेही त्यांना फौंड्रीनेच शिकवलं. म्हैस उलटी करून आत हात घातलात तर कळेल : पाठ, पोट, मान, कुठेही बोटाला जाडीचा फरक लागत नाही.

शिंगांबद्दल सविस्तर सांगायलाच हवं. ही पंढरपुरी म्हैस आहे. या जातीची शिंगं तलवारीसारखी लांब, मागे वळून खांद्याच्याही पलीकडे जाणारी. भट्टी १२०० अंशांच्या वर गेली की मातीही थोडी मऊ पडते आणि बाहेर आलेला लांब, बारीक भाग स्वतःच्याच वजनाने वाकतो. शिंगं हवेत उभी ठेवली असती तर हमखास बिघडली असती. काकांनी मान किंचित वर उचलली, त्यामुळे शिंगांची टोकं अलगद पाठीवर टेकली. रवंथ करताना डोळे अर्धे मिटून बसलेली म्हैस अशीच दिसते. भट्टीतली अडचणही सुटली आणि जनावरही खरं झालं. मला हे कित्येक आठवडे लक्षात आलं नव्हतं, कारण उपाय केलाय असं कुठे दिसतच नाही. आमच्या गल्लीतले दूधवाले मामा मात्र पहिल्याच नजरेत म्हणाले, ‘पंढरपुरीच की ही! दुसऱ्या वेताची हाय.’ म्हशींमध्येच जन्म गेलेल्या माणसाची ही दाद मला कुठल्याही प्रदर्शनातल्या बक्षिसापेक्षा मोठी वाटते.

रंग राखेचा आहे. गुऱ्हाळाच्या चुलवाणातली चिपाडाची राख काका धुऊन, चाळून घेतात. या राखेत सिलिका भरपूर, म्हणजे काच होण्याचा मुख्य माल आहेच. पण ती एकटी सहज वितळत नाही. म्हणून ती वितळायला मदत करणारं फेल्डस्पार हे खनिज आणि खडूची पूड घालायची आणि गडद छटेसाठी लोह ऑक्साइड. साडेबाराशे अंशांच्या आसपास याची झिलई तयार होते : जिथे पातळ तिथे तपकिरी, खळग्यांत साचली तिथे काळपट हिरवी. पोट आणि पाय त्यांनी मुद्दाम कोरे, बिनझिलईचे ठेवलेत.

त्याचा अर्थ पावसाळ्यात लागला. पाऊस पडला की कोरा भाग ओला होऊन गडद होतो, झिलईवरचं पाणी चमकत खाली ओघळतं. पंचगंगेच्या घाटावर पाण्यातून नुकत्याच निघालेल्या म्हशीचं अंग असंच दिसतं. श्रावणात कोऱ्या पोटावर शेवाळ धरलं. नायलॉनचा ब्रश आणि साधं पाणी पुरलं, साबणसुद्धा लागला नाही. नीट पक्व झालेलं स्टोनवेअर फार पाणी पीत नाही, त्यामुळे शेवाळ वरवरच राहतं. कमी तापमानाच्या लाल मातीच्या कुंडीची दर पावसाळ्यानंतर काय अवस्था होते ते आठवा, म्हणजे फरक कळेल.

आता खटकलेल्या गोष्टी. वजन फार आहे. दोघांशिवाय हलवू नका. बूड शंभर टक्के सपाट नव्हतं, शहाबादी फरशीवर डुगडुगायची. खाली रबराची पट्टी दिल्यावर बसली. पाठीच्या कण्याशी झिलई जाड साचलीय, तिथे केसासारख्या बारीक रेषांचं जाळं उमटलं. थंड होताना झिलई मातीपेक्षा जास्त आकसली की हे होतं. धूळ बसून त्या रेषा आता स्पष्ट दिसतात. जेवणाच्या भांड्यावर मला त्या चालल्या नसत्या. म्हशीच्या पाठीवर सुरकुतीसारख्या शोभतात. एका कानाची कड मुलांच्या चेंडूने उडाली, ती एपॉक्सीने चिकटवली, सांधा जवळून दिसतो. दिवाळीच्या पाडव्याला मुलांनी तिच्या गळ्यात कवड्यांची माळ घातली, शिंगांना मोरपिसं बांधली. कवड्या घासून झिलईवर ओरखडा उठला नाही.

कोल्हापूरला शिल्पाची नवलाई नाही. बाबूराव पेंटरांनी चित्र आणि शिल्प स्वतःच्या हिकमतीवर आत्मसात केलं, रवींद्र मेस्त्रींसारखे शिल्पकार इथे झाले. गणपतीच्या आधी शाहूपुरीत आणि बापट कॅम्पात हिंडलं तरी हात किती तयार आहेत ते दिसतं. पण आपली नजर ब्राँझच्या पुतळ्यांना आणि न भाजलेल्या शाडूला सरावलेली आहे. उच्च तापमानाला भाजलेल्या मातीकडे कसं बघायचं, हे मला या म्हशीने शिकवलं. इथल्या टाऊन हॉल संग्रहालयात कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेल्या प्राचीन वस्तू आहेत. तिथे सगळे पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाच्या ब्राँझच्या मूर्तीपाशी थांबतात, मीही थांबायचे. आता मातीच्या वस्तूंपुढे वेळ जातो : कड किती जाड ठेवलीय, आच कुठे कमी लागलीय, बोटाचा ठसा राहिलाय का.

कुणी घेणार असेल तर बोटाच्या पेराने हलकं वाजवून बघा. खणखणीत आवाज हवा, बद्द आला तर आत चीर असू शकते. बूड आणि आतली बाजू बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. किमतीवर मी घासाघीस केली नाही, तुम्हीही करू नका असं आग्रहाने सांगेन : भट्टी उघडल्यावर एखादं काम तडकलेलं निघतं, त्याचा लाकूडफाटा आणि महिनाभराची मेहनत कुणी भरून देत नाही. ऑर्डर द्यायची तर पावसाळा सरल्यावर द्या. ओलसर हवेत जाड काम आतून वाळत नाही आणि राहिलेल्या ओलीची भट्टीत वाफ झाली की शिल्प फुटतं, म्हणून पावसात काका मोठं काम हातात घेत नाहीत. मी रेडकू सांगितलंय. ते उभं हवं असा माझा हट्ट आहे आणि चार बारीक पायांवर ते भट्टीत कसं तोलायचं, यावर काकांचं सध्या वहीत रेखाटन चालू आहे.