मृग लागला, आता फिरायला कधी?
मृग नक्षत्र ७ जूनच्या आसपास लागतं आणि आमच्या वहिनींचा दरवर्षीचा प्रश्न सुरू होतो: पहाटे सहाची कोल्हापूरच्या रंकाळा तलावाची फेरी चालू ठेवायची, की उघडीप मिळेल तेव्हा निघायचं?

खर्च म्हणाल तर ठरलेल्या वेळेला रेनकोट लागतोच, छत्री वाऱ्यापुढे टिकत नाही. उघडीप बघणाऱ्याला सगळं फुकट.

सातत्यात मात्र पारडं फिरतं. जुलैत गगनबावड्याकडं पावसानं जोर धरला की इथंही झड लागते, पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली जातो आणि उघडीपवाला खिडकीतच बसतो. मी दोन पावसाळे असेच घालवले. चालणं कमी, भजी जास्त. वेळ बांधलेली असली की पाय आपोआप चपलेत जातात. अगदीच कोसळत असेल तर तेवढ्या वेळात घरी सूर्यनमस्कार.

मोकळेपणाची मजा वेगळी, हे खरं. दुपारी चारला ऊन पडलं, नदीचं पाणी उतरलेलं असलं, की थेट पंचगंगा घाट!

नोकरी असेल किंवा साखरेची गोळी चालू असेल, तर वेळ बांधा. निवृत्त असाल आणि दिवसभर हालचाल होत असेल, तर आभाळ बघून निघा. वहिनींना साखर आहे. त्यांनी रेनकोट घ्यावा.