खाज सुटणाऱ्या कानासाठी मोल्ड : कडक, मऊ की डोम?

ऐकण्याचं मशीन (हिअरिंग एड) घेताना लोक चॅनेल किती, ब्लूटूथ आहे का, वॉरंटी किती वर्षांची, हे सगळं खोदून खोदून विचारतात. कानाच्या कातडीला दिवसभर चिकटून राहणाऱ्या मोल्डबद्दल, म्हणजे कानाच्या मापाने बनवलेल्या आणि कानात बसणाऱ्या भागाबद्दल मात्र एक प्रश्नही होत नाही. ज्यांचे कान खाजतात, चिघळतात, त्यांच्यासाठी कंपनी दुय्यम आहे. मोल्ड कशाचा आणि कसा पक्का केलाय, यावर मशीन कानात राहणार की कपाटात, हे ठरतं.

पण खाज आली की लगेच अ‍ॅलर्जी म्हणू नका. मोल्ड एकाच जागी टोचत असेल तर तेवढीच जागा लाल होते, दुखते आणि मोल्ड काढल्यावर लवकर बरी वाटते. तो घासून घेतला की काम झालं. खरी अ‍ॅलर्जी मोल्ड जिथे जिथे टेकतो तिथे सगळीकडे उठते. बाहेरच्या वाटीत तर मोल्डच्या आकाराचा लाल पट्टा दिसतो, बारीक पुळ्या येतात, पाणी सुटतं. आणि ती एक-दोन दिवसांनी येते, त्यामुळे दुकानात घालून बघितल्यावर ‘छान बसलाय’ एवढंच कळतं. तिसरा प्रकार बुरशीचा : आत खोल खाज, काळपट-पांढरा कापसासारखा मळ. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात हाच जास्त. कानात तेल सोडायची सवय असेल तर आणखीच. शिवाय ते तेल मशीनच्या रिसीव्हरमध्ये (आवाज सोडणाऱ्या छोट्या स्पीकरमध्ये) जातं ते वेगळंच. वाहत्या कानात कोणताच मोल्ड घालू नये. आधी कान-नाक-घशाचे डॉक्टर, मग माप.

कडक अ‍ॅक्रिलिक मोल्ड सगळीकडे मिळतो, वर्षानुवर्षं टिकतो, धुवायला सोपा, आणि कुठे टोचला तर दुकानातच घासून मिळतो. मशीनचा आवाज मोल्डपर्यंत आणणारी नळीही चिकटवून पक्की बसते. दोष एकच, पण मोठा : पूर्ण न शिजलेलं, म्हणजे नीट पक्कं न झालेलं अ‍ॅक्रिलिक. त्यात मिथाइल मेथाक्रिलेट हा मोनोमर (कच्चं मूळ रसायन) शिल्लक राहतो आणि अ‍ॅलर्जी बहुतेक वेळा त्याचीच असते. उष्णतेने पक्क्या केलेल्या मोल्डमध्ये तो कमी उरतो, थंड पद्धतीने घाईत केलेल्यात जास्त. थ्रीडी प्रिंटरवर केलेले मोल्डही याच कुळातले. छापल्यावर नीट धुवून प्रकाशात पुन्हा पक्के केले नाहीत तर तोच त्रास. म्हणून ऑर्डर देताना ‘हीट क्युअर्ड आहे ना?’ असं स्पष्ट विचारा. नवा मोल्ड घालण्याआधी एक-दोन दिवस साध्या पाण्यात बुडवून ठेवला तर उरलेला मोनोमर बराच निघून जातो. एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही : नखांच्या जेल पॉलिशने ज्यांच्या बोटांना पुरळ येतं, त्यांना अ‍ॅक्रिलिक मोल्डही त्रास देऊ शकतो, कारण रसायनं एकाच घराण्यातली. त्यांनी सरळ सिलिकॉनकडे जावं.

मेडिकल ग्रेड सिलिकॉनचा मऊ मोल्ड अ‍ॅलर्जीच्या कानासाठी आमची पहिली पसंती. यात अ‍ॅक्रिलेट नसतं, जबडा हलला तरी तो कानाबरोबर हलतो, आणि जास्त ताकदीच्या मशीनला शिट्टी कमी येते. पण फुकट काहीच नाही. सिलिकॉन घासून दुरुस्त करणं अवघड, त्यामुळे माप चुकलं तर बहुतेक वेळा नवाच करावा लागतो. गोंद त्याला नीट धरत नाही, म्हणून लॉकवाली नळी लागते. वरून लॅकरचा (गुळगुळीत लेपाचा) थर दिला असेल तर तो कशाचा आहे तेही विचारा. मऊ मोल्ड घेऊनही खाज राहिली तर संशय तिथे घ्यावा. शिवाय सिलिकॉन घट्ट बसत असल्यामुळे आत दमटपणा साठतो. वारंवार बुरशी होणाऱ्या कानात नीट शिजवलेलं कडक अ‍ॅक्रिलिक आणि त्याला हवेचं छिद्र, हे जास्त बरं. छिद्र मोठं केलं की कान मोकळा राहतो, पण खर्जातला आवाज गळतो आणि तीव्र बहिरेपणात मशीन शिट्टी मारू लागतं.

डोम म्हणजे मशीनच्या तारेच्या टोकावर बसणारी, तयार मिळणारी सिलिकॉनची छोटी टोपी. उघडा डोम कानाला हवा देतो, खाज कमी. सौम्य ते मध्यम आणि मुख्यतः उंच स्वरांचा बहिरेपणा असेल तर उत्तम, तीव्रासाठी निरुपयोगी. तो दर दोन-तीन महिन्यांनी बदला. मशीन काढल्यावर टोपी तारेवर आहे ना, हे रोज बघा; ती कधीकधी कानातच राहते.

पीव्हीसीचा मऊ मोल्ड कुणी स्वस्तात देऊ केला तर नको म्हणा. तो काही महिन्यांत पिवळा पडून आकसतो आणि कडक होतो.

सफाईत चुका ठरलेल्या आहेत. मोल्ड मशीनच्या हुकपासून (नळी जिथे जोडते त्या वाकड्या तुकड्यापासून) सोडवून कोमट पाणी आणि बिनवासाच्या साबणाने धुवावा, छोट्या फुग्याने नळीतलं पाणी उडवावं, रात्रभर सुकू द्यावा. स्पिरिटने पुसल्यास अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे जातात, त्यात मळ बसतो आणि साबणही अडकून राहतो. मग खाज साबणाची, आणि बोल मोल्डला. नळी कडक किंवा पिवळी झाली की बदला, साधारण तीन ते सहा महिन्यांत.

मशीन सुकवायच्या डबीबद्दलही थोडं. निळे सिलिका जेलचे दाणे ओलावा घेऊन गुलाबी होतात, कारण त्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं. खोट्या दागिन्यांनी ज्यांची कानाची पाळी लाल होते, त्यांना निकेलबरोबर कोबाल्टचीही अ‍ॅलर्जी असणं सामान्य आहे. त्यांनी नारिंगी दाण्यांची, कोबाल्ट नसलेली डबी घ्यावी. मशीनचे झिंक-एअर सेल (बॅटऱ्या) डबीत ठेवू नयेत, तेही सुकतात.

एवढं करूनही पुरळ उठत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट (संशय असलेले पदार्थ त्वचेवर लावून बघायची चाचणी) करून घ्या. पट्टी साधारण 48 तास पाठीवर राहते, आणि त्यानंतर एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. जाताना मोल्ड, नळीचा तुकडा आणि साबण सोबत न्या. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या दिवसांत आवाज अचानक कमी झाला तर मात्र मोल्ड बदलायला धावू नका. आधी दुसऱ्या कुणाला तरी मशीन ऐकून बघायला सांगा. ते नीट वाजत असेल तर कानाच्या पडद्यामागे द्रव साठलाय का, हे टिंपॅनोमेट्री या पडद्याच्या तपासणीने काही मिनिटांत कळतं.