पुण्यात एकच दिवस मोकळा आहे. खरेदी पेठेत करावी, कॅम्पात की बुटिकांत?

पुण्याला लग्नाला, मुलांच्या ॲडमिशनला किंवा ऑफिसच्या कामाला आलेल्या माणसाकडे परतीच्या गाडीआधी बहुतेक वेळा एकच दिवस उरतो. शनिवारवाडा बघून होतो, दगडूशेठचं दर्शन होतं आणि मग प्रश्न येतो: इथून न्यायचं काय, आणि घ्यायचं कुठे? पुणेकराला विचारलं तर तो आपल्या घराजवळचं दुकान सांगतो आणि तेच गावातलं सर्वोत्तम असल्याची खात्रीही देतो. त्यामुळे जरा अलिप्तपणे मांडून बघू.

पर्याय ढोबळमानाने तीन. पहिला पेठेतला बाजार: लक्ष्मी रोड, तुळशीबाग, मंडई, लागूनच रविवार पेठ आणि थोडं पुढे कसब्यातली तांबट आळी. दुसरा कॅम्प: एम. जी. रोड, ईस्ट स्ट्रीट, फॅशन स्ट्रीट. तिसरा म्हणजे बुटिकं: कोरेगाव पार्कच्या लेनमधली, तशीच प्रभात रोड, भांडारकर रोड, कर्वे रोडच्या आसपास विखुरलेली हातमागाची, खणाची, ब्लॉक प्रिंटची, मातीच्या भांड्यांची लहान दुकानं.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना त्याला वजा करता येईल. पहिल्यांदा येणाऱ्याने पेठेत जावं. कॅम्पात खाण्यासाठी जावं, कपड्यांसाठी नाही. बुटिक त्यांच्यासाठी, ज्यांना तयार, नेटकी वस्तू हवी आहे आणि भाव करायचा कंटाळा आहे. तिन्ही एका दिवसात उरकायला जाऊ नये. अर्धा दिवस रिक्षातच जाईल.

साडी, खण आणि शिवलेले कपडे

खरी तुलना इथेच आहे, कारण पेठेतला दुकानदार आणि बुटिकवाली बाई पुष्कळदा एकाच कापडापासून सुरुवात करतात. उदाहरणार्थ खण. हे कापड मुळात उत्तर कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचं. आपल्याकडे चोळीसाठी आणि ओटीसाठी पिढ्यान्‌पिढ्या येत आलेलं. लक्ष्मी रोड आणि रविवार पेठेतल्या कापडबाजारात तो तुम्हाला घडी घातलेल्या तुकड्यात किंवा मीटरवर मिळेल, रंगांचा ढीग समोर पडेल, आणि दुकानातले काका ‘ताई, हा यंत्रमागाचा आणि हा हातमागाचा’ असं विचारल्यावर नीट सांगतील. विचारलं नाही तर सांगणार नाहीत. पारंपरिक खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, कमी असते, तेव्हा कुर्ता शिवायचा बेत असेल तर आधी पन्हा मोजून घ्या आणि मगच मीटर ठरवा.

बुटिकमध्ये तोच खण कुर्त्याच्या योकवर, जाकिटावर, बॅगेवर, उशीच्या अभ्र्यावर बसलेला दिसतो. पैसे अर्थातच जास्त. पण जास्तीचे पैसे कशाचे ते बघा: कापणीचे, अस्तराचे, रंगसंगती जुळवण्याचे. ज्याच्या गावात चांगला शिंपी आहे त्याने पेठेतून कापड न्यावं, निम्म्याहून कमी खर्चात काम होईल. ज्याच्या गावात शिंपी आता फक्त शाळेचे गणवेश आणि पडदे शिवतो, त्याने बुटिकमधून तयार घ्यावं आणि हिशेब करत बसू नये.

बुटिकात प्रवाशाची एक अडचण हमखास होते: माप. लहान बुटिकांत प्रत्येक नमुन्याचे नग थोडे असतात. तुमच्या मापाचा नसला तर ‘दोन दिवसांत करून देते’ असं आपुलकीने सांगतात, आणि तुमची गाडी त्याच रात्रीची असते. कुरियरने पाठवतातही, पण मग अंगावर घालून बघायचा फायदा गेला. म्हणून तिथे गेलात की आधी माप विचारा, रंगाच्या प्रेमात नंतर पडा.

पैठणीसाठी मात्र सरळ लक्ष्मी रोड. येवला आणि पैठणचं हे विणकाम, २०१० मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. इतकी दुकानं आणि इतके नमुने एका रस्त्यावर बघायला मिळतात की बुटिकातल्या निवडक आठ-दहा साड्या त्यापुढे अपुऱ्या वाटतात. पदर उलटा करून बघा. हातमागाच्या पैठणीत पदरावरचे मोर, पोपट, कमळं उलट बाजूनेही जवळजवळ तशीच स्वच्छ दिसतात. यंत्रावरच्या साडीला मागे सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. शुद्ध रेशमाची खूण असलेलं सिल्क मार्कचं लेबल आहे का तेही विचारा. दोन-तीन हजारांत हातमागाची रेशमी पैठणी येत नाही. येते ती ‘सेमी’, आणि सेमी म्हणून घ्यायला काहीच हरकत नाही, ती चांगली दिसते. फक्त ती काय आहे हे माहीत असावं. आणखी एक: फॉल-पिको त्याच दिवशी करून मिळेल का हे साडी पसंत करायच्या आधी विचारलेलं बरं.

सोन्याचं थोडक्यात. पेठेत सराफांची रांगच आहे, पण आता १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, लागतो आणि तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. त्यामुळे ‘पुण्याचं सोनं’ म्हणून इथूनच घेण्याचं कारण उरलं असेल तर ते घडणीच्या नमुन्यांचं: ठुशी, बकुळीहार, तन्मणी, पाटल्या.

तुळशीबाग आणि तांबट आळी

तुळशीबागेला पर्याय नाही, त्यामुळे तुलनाही नाही. मध्यभागी राममंदिर आहे, पेशवाईतले सरसुभेदार नारो आप्पाजी खिरे यांनी बांधलेलं, आणि त्याच्या भोवतीच्या बोळांत खोटे दागिने, टिकल्या, पूजेचं साहित्य, पितळी भातुकली आणि स्वयंपाकघरातली ती सगळी हत्यारं मिळतात ज्यांची नावं फक्त आईला माहीत होती. भाव करायचाच. पण रीत आहे: निम्म्यावर आणायचा नाही, दोन-तीन वस्तू एकदम काढायच्या आणि मग ‘सगळ्याचे मिळून किती?’ विचारायचं. सकाळी दुकान उघडताच गेलात तर दुकानदाराची भवानी तुमच्या हातून व्हायची असते. तो गिऱ्हाईक सहसा परत पाठवत नाही. पण नुसतं बघून, भाव पाडून, न घेता निघालात तर जे ऐकावं लागेल त्याला मी जबाबदार नाही.

भांड्यांत मात्र निवड करावी लागते. कसबा पेठेतली तांबट आळी ही तांब्याचं काम करणाऱ्या त्वष्टा कासार मंडळींची जुनी वस्ती. पूर्वी इथे घरोघरच्या, पाणी तापवायच्या बंबांचं काम चाले. आता पेले, घागरी, जग, दिवे. पत्र्यावर हातोडीने एकसारखे ठोके देऊन जी चमक आणतात त्याला मठारकाम म्हणतात. हेच काम बुटिकात जातं तेव्हा त्याला बाहेरून लॅकर चढतं, खोका येतो, किंमत वाढते. माझा कल इथे जरा अनपेक्षित आहे: भेट द्यायची असेल तर बुटिकातलं घ्या. लॅकरमुळे ते काळं पडायला वेळ लागतो, आणि ज्याला भेट देतोय त्याला दर आठवड्याला चिंचेने घासायची शिक्षा होत नाही. स्वतःसाठी, रोजच्या पाण्यासाठी हवं असेल तर पेठेतलं साधं, वजनावर मिळणारं घ्या. पत्र्याची जाडी हातात घेऊनच कळते, फोटोवरून नाही. आणि तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ करायचे असतील तर आतून कल्हई हवीच, हे दोन्हीकडे विचारा. बुटिकातली मुलगी गोंधळली तर समजा ते भांडं शोभेचं आहे.

खाण्याचं: मंडई विरुद्ध कॅम्प

महात्मा फुले मंडईची इमारत १८८६ सालची. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती रे मार्केट होती. गंमत अशी की नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणावर लावा म्हणून. आणि पुढे मंडईला नाव त्यांचंच लागलं. अष्टकोनी मनोरा बाहेरून बघून लोक फोटो काढून निघतात. आत जा. चबुतऱ्यांवर बसलेले भाजीवाले, वाट्यांनी लावलेल्या मिरच्या-लिंबं, जुड्यांचे ढीग, आणि ‘मावशी, हात नका लावू, मी देते निवडून’.

पण प्रवाशाने मंडईत घ्यायचं काय, हा प्रश्न खरा आहे. भाजी कुठेही मिळते. ऋतू बघून फळं घ्या. थंडीत महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी येते, पण ती ट्रेनच्या एका रात्रीतही मऊ पडते. जवळच जायचं असेल तरच. पुरंदरचं अंजीर त्याहून नाजूक. त्याचे दोन बहार येतात, हिवाळ्यातला खट्टा आणि उन्हाळ्याच्या तोंडावरचा मीठा; मीठ्या बहाराची चव वेगळीच. तेही विकत घेऊन तिथेच खावं. न्यायचंच असेल तर मंडईभोवतीच्या किराणा दुकानांतून इंद्रायणी किंवा आंबेमोहर तांदूळ, काळा मसाला, मेतकूट, आमसुलं घ्या. वजनाला जड, पण सुटकेसमध्ये टिकणारं. इंद्रायणी आणि आंबेमोहर मावळ-मुळशी पट्ट्यातले, त्यांचा वास शिजताना घरभर पसरतो. हैदराबाद किंवा दिल्लीला राहणाऱ्या मराठी माणसासाठी ही बिस्किटांपेक्षा मोठी भेट आहे.

कॅम्पचा पदार्थ म्हणजे अर्थातच ईस्ट स्ट्रीटवरच्या कयानी बेकरीची श्रूजबेरी बिस्किटं. बेकरी १९५५ पासूनची, शाखा नाही, दुपारी बंद. सकाळी लवकर जावं, रांग असतेच. बिस्किटं प्रवासात उत्तम टिकतात. मावा केक मात्र दोन-तीन दिवसांत संपवायचा. एम. जी. रोडवर बुधानींचे वेफर्स आणि मार्झोरिनची सँडविचेस. वेफर्स न्यावेत, सँडविच उभ्याने खावं. एवढं झालं की कॅम्पची माझ्या लेखी खरेदी संपली. फॅशन स्ट्रीट मार्च २०२१ मध्ये आगीत जळाला. आज तिथे जे मिळतं ते मुंबईत, दिल्लीतही मिळतं. कॉलेजातल्या मुलांना घेऊन आला असाल तर गोष्ट वेगळी.

बाकरवडीसाठी कुठेच वेगळं जाऊ नका. चितळ्यांच्या दुकानांतून ती शहरभर मिळते. दुकान दुपारी एक ते चार बंद असल्याचा विनोद अजून चालतो, पण तो जुना झालाय. सुटी मिठाई घेताना ट्रेसमोर ‘कधीपर्यंत खावी’ ही तारीख लिहिलेली असते का बघा. ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईलाही ती सक्तीची होती. आंबा बर्फी घेताना ती बघितलीच पाहिजे. बाकरवडीचं पाकीट बेफिकीर घ्या.

बुटिक-छापाचं खाणंही आता मिळतं: कोल्ड प्रेस तेल, बाटलीतली चटणी, हाताने लिहिलेलं लेबल. चांगलं असतं, नाही असं नाही. पण शेंगदाण्याची चटणी सुंदर बाटलीत घातली म्हणून ती पेठेतल्या घरगुती चटणीपेक्षा तिप्पट चांगली होत नाही, किंमत मात्र होते.

पोचणं आणि वेळ

इथे पेठ अलीकडे सरळ पुढे गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत सुरू झाली आणि मंडई स्टेशन अगदी बाजाराच्या तोंडाशी आलं. तांबट आळीसाठी कसबा पेठ स्टेशन. स्वतःची गाडी घेऊन लक्ष्मी रोडला जाणं हा शूरपणा आहे, शहाणपणा नाही. पुणे स्टेशनवरून निघाल्यास सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची. कोरेगाव पार्कला बंडगार्डन स्टेशन जवळ, पण बुटिकं लेनांत विखुरलेली असल्याने पुढे रिक्षा लागतेच, आणि प्रत्येक दुकानामागे रिक्षा हे गणित वाढत जातं. कॅम्पात मेट्रो नाही.

पेठेत सोमवारी बरीच जुनी दुकानं बंद असतात. एकच दिवस असेल आणि तो सोमवार असेल तर निर्णय आपोआप झाला, बुटिकांकडे वळा. वयस्कर मंडळी सोबत असतील तरीही तसंच: बसायला जागा, स्वच्छतागृह, ट्रायल रूम या तीन गोष्टी पेठेत गृहीत धरू नका. लक्ष्मी रोडच्या मोठ्या साडीच्या दुकानांत त्या मिळतात, तुळशीबागेत नाहीत. गणपतीच्या दिवसांत, विशेषतः विसर्जनाच्या दिवशी, लक्ष्मी रोड मिरवणुकीचा असतो, खरेदीचा नसतो.

डिसेंबरात येणार असाल तर वरचं सगळं थोडं बदलतं. महिनाअखेरच्या सुमारास भीमथडी जत्रा भरते. तिथे गावोगावच्या बचत गटांच्या बायका मसाले, घोंगड्या, गोधड्या, पापड घेऊन येतात आणि मांडे, थालीपीठ समोर करून वाढतात. पेठेचा भाव आणि बुटिकाची निवड एका मैदानात मिळते. बनवणारीच विकायला बसलेली असल्याने ‘हे कसं केलं?’ याचं उत्तरही मिळतं. शनिवार-रविवार टाळून दुपारीच गाठा, संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. आणि ११ डिसेंबरला पुण्यात असलात तर महापालिकेच्या पादचारी दिनामुळे लक्ष्मी रोडचा काही भाग दिवसभर वाहनांना बंद ठेवतात. पैठण्या बघायला वर्षातला याहून चांगला दिवस मला माहीत नाही.