९००० आरपीएमची गाडी घ्यावी, की खालून ओढणारी?

होंडा एस२००० ही स्पोर्ट्स कार पहिल्यांदा चालवून आलेल्या माणसाची एक तक्रार ठरलेली असते: “एवढं नाव ऐकलं होतं, पण गाडीला पिकअपच नाही!” त्या वेळी आरपीएमची (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांची) सुई कुठे होती, हे विचारलं की उत्तर येतं, तीन हजार. मग तक्रार खरीच आहे. सहा हजारांच्या वर त्याला तीच गाडी ओळखू आली नसती.

टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नकोच, पण रोजच्या वापरात हाल व्हायलाही नकोत, अशा पेचात जे आहेत त्यांच्यासमोर दोन जोड्या ठेवतो. दोन्ही जोड्यांत कंपनीने आधी उंच फिरणारं इंजिन दिलं आणि नंतर खालच्या आरपीएमचा टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) वाढवण्यासाठी इंजिनाचं आकारमान वाढवलं. चारही गाड्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या, वजनाने साधारण १२५० ते १३०० किलोंच्या. आकडे अमेरिकेत विकलेल्या गाड्यांचे आहेत; ‘८३०० ला’ म्हणजे ८३०० आरपीएमला.

| गाडी | इंजिन | कमाल शक्ती | कमाल टॉर्क |
|---|---|---|---|
| एस२००० (पहिली) | २.० लिटर | २४० एचपी, ८३०० ला | २०८ एनएम, ७५०० ला |
| एस२००० (२००४ पासून) | २.२ लिटर | २४० एचपी, ७८०० ला | २२० एनएम, ६५०० च्या आसपास |
| टोयोटा ८६ (पहिली; अमेरिकेत सायन एफआर-एस) | २.० लिटर | २०० एचपी, ७००० ला | २०५ एनएम, ६४०० ते ६६०० ला |
| टोयोटा जीआर ८६ | २.४ लिटर | २२८ एचपी, ७००० ला | २५० एनएम, ३७०० ला |

टॉर्कला लिटरने भागून बघा. चौघींचा आकडा लिटरमागे १०२ ते १०५ एनएममध्येच येतो. फेरारी ४५८ सारखी गाडीसुद्धा ४.५ लिटरमधून ५४० एनएम काढते, म्हणजे लिटरमागे १२०. टर्बो नसेल तर सिलिंडरमध्ये हवा किती मावणार याला मर्यादा आहे, त्यामुळे टॉर्क मुख्यतः आकारमानावर ठरतो. उंच फिरणारं इंजिन तो टॉर्क वाढवत नाही, फक्त वरपर्यंत टिकवून धरतं. एस२००० चं जुनं इंजिन ८३०० लाही २०५ एनएमच्या आसपास देतं, आणि २४० एचपी येतात ते तिथून.

त्याची किंमत खाली मोजावी लागते. वर हवा भरायला वेळ कमी मिळतो, म्हणून इनटेक व्हॉल्व्ह (हवा आत घेणारी झडप) जास्त वेळ उघडा ठेवणारा कॅम (व्हॉल्व्ह ढकलणारा उंचवटा) लागतो. पण सुई खाली असताना तोच व्हॉल्व्ह उशिरा मिटल्यामुळे आत आलेली थोडी हवा पिस्टन परत बाहेर ढकलतो. होंडाने व्हीटेक या आपल्या व्हॉल्व्ह-यंत्रणेत लहान आणि मोठा असे दोन कॅम देऊन यावर तोडगा काढला. सहा हजारांच्या जरा अलीकडे मोठा कॅम कामाला लागतो. तरी पोर्ट आणि इनटेक या हवेच्या वाटांची मापं वरच्या आरपीएमसाठीच बेतलेली असतात, म्हणून खाली इंजिन सभ्य असलं तरी दमदार नसतं.

आता एस२००० ची जोडी. नव्या इंजिनात बोअर (सिलिंडरचा व्यास) तोच ८७ मिमी ठेवून स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ८४ वरून ९०.७ वर नेला. इथेच रेडलाइन (आरपीएमची वरची मर्यादा) गेली: जुन्या इंजिनात ९००० ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २५ मीटरच्या पुढे जातो, आणि लांब स्ट्रोकने त्याच आरपीएमला तो २७ च्या पुढे गेला असता. म्हणून रेडलाइन ८००० वर आली. कागदावर बदल्यात १२ एनएम मिळाले, म्हणजे जेमतेम ६ टक्के. पण पहिले चार गिअरही सुमारे ४ टक्क्यांनी आखूड (म्हणजे जास्त ओढीचे) केले, त्यामुळे चाकाशी फरक दहा टक्क्यांच्या आसपास जातो. कमाल टॉर्कही हजारभर आरपीएम आधी येतो. गावात आणि घाटात हे जाणवतं. मात्र जुनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये साधारण ताशी ११० किमीपर्यंत जाते, नवी ९५ च्या आसपास थांबते.

आता जुन्या एस२००० च्या पिकअपची तक्रार तपासू. १०० किमी वेगाला ती सहाव्या गिअरमध्ये साधारण ३२५० ला असते, चौथ्यात ४६५० ला, तिसऱ्यात ५९०० ला. तिसरा टाकलात तर मोठा कॅम उंबरठ्यावरच असतो आणि पुढे १५० पर्यंत वाट मोकळी. सहाव्यातच पाय दाबलात तर इंजिनाला दोष देऊ नका.

टोयोटाच्या जोडीत (सुबारू बीआरझेड ही हिची जुळी बहीण) माझं मत जास्त पक्कं आहे. ८६ मध्ये ३५०० ते ४५०० च्या दरम्यान टॉर्कला एक खळगा आहे आणि तो नेमका नको तिथे येतो. १०० किमीला पाचवा गिअर ३४५० ला बसतो, चौथा ४२०० ला. म्हणजे सहज ओव्हरटेक करायला जे दोन गिअर हाताशी येतात, त्यातला एक खळग्याच्या तोंडाशी आणि दुसरा थेट खळग्यात. तिसरा टाकून ५३०० ला गेलात की सुटका. एक्झॉस्ट हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) बदलून इंजिनाच्या कॉम्प्युटरला नवं ट्यून घातलं की हा खळगा बराच भरतो, पण त्यात वॉरंटीचा आणि उत्सर्जनाच्या नियमांचा प्रश्न येतो. जीआर ८६ मध्ये स्ट्रोक ८६ मिमी तोच ठेवून बोअर ९४ केला, आणि कमाल टॉर्क चक्क ३७०० ला आणून ठेवला. जिथे जुनी दम टाकायची, तिथे नवी सर्वांत जोरात ओढते. स्ट्रोक तोच असल्याने वरचे आरपीएमही गमावले नाहीत. जुनी ८६ घ्यायला कमी खर्चाशिवाय मला कारण दिसत नाही.

मग एस२००० की जीआर ८६? इंजिनाच्या टॉर्कची तुलना इथे फसवते. २०८ विरुद्ध २५० म्हणजे २० टक्के फरक. पण तिसऱ्या गिअरमध्ये एस२००० ची एकूण घट (चाकाच्या एका फेरीमागे इंजिनाच्या फेऱ्या) सातपट आहे आणि जीआर ८६ ची ६.३ पट. दोघींच्या चाकांचा व्यास जवळपास सारखा असल्याने चाकाशी २० टक्क्यांचे ८ टक्केच उरतात. फरक उरतो तो जागेचा: जीआर ८६ ती ओढ ३७०० ला देते, एस२००० ७५०० ला. ३७०० ला पूर्ण २०८ एनएम मिळाले असं धरलं तरी एस२००० ला १०८ एचपीच मिळतील, जीआर ८६ ला १३० मिळतात. आणि एस२००० ला ते पूर्ण मिळत नाहीतच.

मोठ्या इंजिनांत हा पेच फारसा नाही. बीएमडब्ल्यूच्या चार लिटर व्ही८ एम३ ने ८३०० ला ४२० पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) दिले आणि ४०० एनएम ३९०० लाच. पुढच्या टर्बो एम३ चे १८५० पासूनचे ५५० एनएम मात्र तिला शक्य नव्हते.

ट्रायल घेताना विक्रेता हमखास रेडलाइन दाखवेल. ते बघाच, पण आधी चौथ्या गिअरमध्ये २५०० ला यायचं, पाय पूर्ण दाबायचा आणि ५००० पर्यंत गिअरला हात लावायचा नाही. तिथे चिडचिड झाली तर ती रोज होणार आहे. एस२००० आवडली पण हे खटकलं, तर फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्सनंतरची, चाकांजवळची शेवटची घट) ४.१० ऐवजी ४.४४ बसवून प्रत्येक गिअरमध्ये ८ टक्के ओढ वाढते. मात्र १०० किमीला सहावा ३५०० वर जातो आणि लांबच्या प्रवासात तो आवाज कानात बसतो.

एकच गाडी ठेवायची असेल तर जीआर ८६. एस२००० च घ्यायची आणि रोज चालवायची असेल तर २.२ लिटरची. आणि घरी दुसरी गाडी असेल, रविवारी पहाटे रिकामा घाट मिळत असेल, तर ९००० वाली जुनीच. तिथे तीन हजारांवर सुई आणायची वेळच येत नाही.