वडिलांची मालमत्ता, वारसा कर आणि रत्नागिरीतील एक सल्ला कार्यालय

वडील ऑगस्ट २०२३ मध्ये गेले. त्यांनी १९८९ साली स्वतःच्या कमाईतून घेतलेले रत्नागिरी शहरातील घर, पावसकडची वडिलोपार्जित हापूसची बाग आणि बँकेतील काही ठेवी एवढे मागे राहिले, मृत्युपत्र नव्हते. आई, मी आणि अमेरिकेत स्थायिक झालेला धाकटा भाऊ असे आम्ही तीन वारस. तेराव्याला आलेल्या काकांनी ‘आता वारसा कर भरावा लागेल, पैसे आधीच बाजूला काढून ठेवा’ असे बजावले आणि त्या धास्तीनेच मी आईला घेऊन शहरातील एका कर-सल्लागारांच्या कार्यालयात गेले. त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ आम्ही त्यांची सेवा घेतली. तिच्याविषयी एक तक्रार आहे आणि ती त्यांच्यासमोर मांडूनही झाली आहे, म्हणून कार्यालयाचे नाव येथे देत नाही.

पहिल्या भेटीत त्यांनी कोऱ्या कागदावर मधोमध उभी रेघ मारली, डावीकडे ‘मिळताना’ आणि उजवीकडे ‘मिळाल्यानंतर’ असे लिहिले आणि डाव्या बाजूला मोठे शून्य काढले. १९५३ च्या कायद्याने आपल्याकडे मृताच्या संपत्तीवर इस्टेट ड्यूटी आकारली जात असे, परंतु १६ मार्च १९८५ पासून पुढे झालेल्या मृत्यूंना ती लागू नाही आणि वारसाने मिळालेली मालमत्ता आयकरासाठी उत्पन्नही धरली जात नाही, हे त्यांनी आईला समजेल अशा भाषेत सांगितले. काकांची उमेदीची वर्षे त्याच कराच्या काळातली, तेव्हा त्यांना तरी कसा दोष द्यावा? कागदाची उजवी बाजू मात्र खालपर्यंत भरली.

त्यांचे खरे कसब दिसले ते घराच्या विक्रीत. वारसाने मिळालेले घर विकताना त्याची मूळ किंमत आणि ते बाळगल्याचा काळ वडिलांपासून मोजला जातो, आणि खरेदी १ एप्रिल २००१ पूर्वीची असल्यास त्या दिवसाचे बाजारमूल्य, मुद्रांक शुल्कासाठीच्या मूल्याच्या मर्यादेत, मूळ किंमत म्हणून घेता येते. आमच्या घराचे हे मूल्य सहा लाख निघाले आणि २०२५-२६ मध्ये घर छत्तीस लाखांना विकले गेले, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला विक्रीचे बारा लाख आणि मूळ किमतीचे दोन लाख आले. महागाई निर्देशांक न लावता दहा लाखांच्या नफ्यावर साडेबारा टक्क्यांनी कर १,२५,००० रुपये होतो. निर्देशांक (२००१-०२ चा १०० धरून त्या वर्षी ३७६) लावून मूळ किंमत वाढवली तर दोन लाखांचे ७,५२,००० होतात आणि उरलेल्या ४,४८,००० वर वीस टक्क्यांनी ८९,६०० रुपये. उपकर दोन्हीकडे वेगळा. २३ जुलै २०२४ पूर्वी संपादन केलेल्या घर-जमिनीसाठी ही निवड निवासी व्यक्तीलाच असल्यामुळे आईला आणि मला ती मिळाली, भावाला नाही. एकाच घराच्या एकसारख्या हिश्श्यांवर भावंडांचा कर असा वेगळा निघू शकतो, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. भाऊ अनिवासी असल्याने खरेदीदाराला त्याच्या हिश्श्यावर उगमस्थानी करकपात करावीच लागते, आणि ती नफ्यापुरती राहावी यासाठी आयकर विभागाचे प्रमाणपत्र आधी मिळवावे लागते. त्याचा अर्ज कार्यालयाने वेळेत केला आणि पाठपुरावाही चोख ठेवला.

बागेबाबतचा सल्ला थोडक्यात, पण नेमका होता. रत्नागिरी नगरपरिषदेची लोकसंख्या एक लाखाच्या आत आहे, त्यामुळे तिच्या हद्दीपासून हवाई अंतराने दोन किलोमीटरपलीकडची पावसची शेतजमीन भांडवली मालमत्तेत मोडत नाही आणि पुढेमागे विकलीच तर भांडवली नफ्याचा कर येत नाही. आंब्याचे उत्पन्न, बाग खंडाने दिल्यास येणारा खंडदेखील, शेतीचेच; मात्र ते पाच हजारांवर गेले की इतर करपात्र उत्पन्नाचा दर ठरवताना हिशेबात घेतले जाते. आमरस काढून विकणार असाल तर गणित बदलेल, हे त्यांनी न विचारता सांगितले. सातबारावरील वारस नोंदीचा अर्ज त्यांनी लिहून दिला, तलाठी कार्यालयाच्या फेऱ्या मात्र आम्हीच मारल्या. सामाईक सातबारावर आधीच अकरा नावे असताना याहून वेगळे काही होण्याची मला अपेक्षाही नव्हती.

आता तक्रार. एप्रिल २०२३ पासून मृत्यूपर्यंतच्या वडिलांच्या उत्पन्नाचे विवरणपत्र कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करून आम्ही भरायचे होते आणि त्याची मुदत ३१ जुलै २०२४ होती. आमची सर्व कागदपत्रे हाती असूनही कार्यालयाने ही गोष्ट नोव्हेंबरमध्ये, तीही मी बँकेने ठेवींवर कापलेल्या कराबद्दल विचारल्यावर, सांगितली. एक हजार रुपये विलंब शुल्क भरून विवरणपत्र डिसेंबरमध्ये गेले. मृत्यूनंतरचे व्याज वारसांच्या विवरणपत्रात दाखवायचे असते, तरी बँक ते वडिलांच्याच पॅनवर नोंदवत राहिली होती आणि तो घोळ निस्तरण्यासाठी आईला तीन वेळा शाखेत जावे लागले. ज्या कार्यालयाने पहिल्याच दिवशी कागदाची उजवी बाजू इतकी नीट भरली, त्याने तिच्यावरची पहिली ओळच विसरावी, याचे वाईट वाटले. त्यांनी चूक मान्य केली आणि त्या कामाचे शुल्क घेतले नाही. विलंब शुल्क मात्र आमच्याच खिशातून गेले.

वारसाने मिळालेले घर विकायचे आहे आणि वारसांपैकी कोणी परदेशात आहे, अशा कुटुंबाने येथे जरूर जावे. केवळ बाग आणि ठेवी असतील तर एका बैठकीचा सल्ला पुरे. जाताना जुने खरेदीखत, मिळकत पत्रिका, घरपट्टीची पावती आणि वडिलांची मागील तीन वर्षांची विवरणपत्रे सोबत न्यावीत, आणि शेवटच्या विवरणपत्राची तारीख पहिल्याच भेटीत स्वतः विचारून लिहून घ्यावी.