बिनकाट्याचा फड्या निवडुंग: चौदा महिन्यांनंतर

आजोळी माणदेशात फड्या निवडुंगाची बोंडं दगडावर घासून, कुसळं काढून खायचो. जीभ लालभडक व्हायची. लेकीला ती चव कळावी म्हणून मागच्या जानेवारीत ३५० रुपयांना एक रोप ऑनलाइन मागवलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं ‘बिनकाट्याचा, खाण्याचा, ओपन्शिया फायकस-इंडिका’. आले ते तीन फडे.

रोप दणकट आहे. मुलुंडला आमच्या पश्चिमेच्या गॅलरीत दुपारनंतर कडक ऊन येतं, ते त्याला मानवलं. मातीत निम्मी जाड रेती घातली आहे. पावसाळ्यात कुंडी झडीपासून आत घेतली, तरी जुलैत एका फड्यावर मऊ तपकिरी डाग पडला. तो निरोगी भागापर्यंत कापून टाकला आणि पाणी बंद केलं. आज अकरा फडे आहेत.

शंका आली ती नव्या फड्यांवरून. अरुंद, पातळ, चकचकीत हिरवे, जेमतेम वीतभर. फायकस-इंडिकाचा फडा जाड, त्यावर मेणाची करडी-निळसर झाक आणि मोठा झाला की फूटभर लांब. पण सावलीत वाढलेला कुठलाही निवडुंग लांबट होतो, म्हणून घाई केली नाही. काटे नाहीत हा तर पुरावाच नव्हे. फायकस-इंडिकाखेरीज दुसऱ्या जातींतही बिनकाट्याची झाडं असतात.

फेब्रुवारीत फूल आलं आणि निकाल लागला. फायकस-इंडिकाचं फूल पिवळं-नारिंगी, वाटीसारखं उघडं. आमचं लाल, पाकळ्या शेवटपर्यंत मिटलेल्या आणि त्यांतून गुलाबी पुंकेसरांचा झुबका बाहेर. म्हणजे हा ओपन्शिया कोचेनिलिफेरा. लाल रंग देणारे कोचिनील किडे मेक्सिकोत याच्यावर पोसत, नाव त्यावरूनच पडलं. सकाळी जांभळा शिंजीर ग्रिलवर बसून त्या झुबक्यात चोच घालतो.

विक्रेत्याला फोटो पाठवले. ‘सगळे एकच’ असं उत्तर आलं. एकच नाहीत! फळासाठी घेणाऱ्याचं वर्ष यात जातं. रोपाला पाच तारे, चिठ्ठीला एक. तुम्ही घेणार असाल तर मूळ झाडाच्या फुलाचा फोटो आधी मागा. नुसत्या फड्याच्या फोटोवर पैसे देऊ नका.

याचे कोवळे फडेही खातात, म्हणून परवा एक चिरून कांद्यावर परतला. भेंडीसारखा बुळबुळीत, किंचित आंबट. लेकीने दोनदा मागून घेतला.