रुंद पाय, मऊ सोल: १०८०, निम्बस, बोंडी की ऑल्ट्रा?

धावायचा बूट करंगळीला चावतो. दुकानदार म्हणतो, “एक नंबर मोठा देऊ का?” आणि आपण मान डोलावतो. रुंद पायांच्या लोकांचे सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जात असावेत. यूके मापात एक नंबर वाढला की लांबी साधारण साडेआठ मिलिमीटरने वाढते, चवड्यापाशी रुंदी मात्र किरकोळच. मग पुढे जागा रिकामी, टाच सटकते, आणि सोल जिथे वाकायला हवा ती जागा बोटांच्या सांध्यांच्या पुढे जाते. करंगळीला चावायचं ते चावतंच.

पाहायचं असतं ते नंबरापुढचं अक्षर. पुरुषांत डी म्हणजे नेहमीची रुंदी, २ई म्हणजे रुंद, ४ई म्हणजे जादा रुंद. बायकांत बी नेहमीची, डी रुंद, २ई जादा रुंद. त्यामुळे बायकांच्या मापात डी मिळत नसेल, तर त्याच यूके नंबराचा पुरुषांचा नेहमीच्या रुंदीचा बूट घालून बघायला हरकत नाही. टाचेला थोडा सैल लागू शकतो, तेवढं पाहावं.

आपल्याकडे हे दुखणं चार-दोन जणांचं नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या सुमारे एक लाख लोकांची पावलं मोजली. भारतीय पावलं युरोपीय आणि अमेरिकी पावलांपेक्षा साधारणपणे रुंद निघाली, आणि ‘भा’ नावाची आपली स्वतःची मापपद्धती सुचवली गेली. दुकानात गेलात तर अजून बहुतेक ठिकाणी डीच पुढे येते. २ई मागितली की सेल्समन गोदामात जाऊन रिकाम्या हाताने परत येतो. म्हणून रुंद माप बहुधा ऑनलाइनच मागवावं लागतं, आणि म्हणूनच आधी घरी थोडं मोजमाप केलेलं बरं.

संध्याकाळी मोजा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. धावायचे मोजे घालून कोऱ्या कागदावर उभे राहा, बसून नको, आणि पेन्सिल सरळ उभी धरून कोणाकडून तरी बाह्यरेषा काढून घ्या. मग सध्याच्या बुटातलं इनसोल, म्हणजे आतला सुटा तळ, काढून त्या रेषेवर ठेवा. पेन्सिलीची रेघ करंगळीच्या मुळाशी, म्हणजे चवड्याच्या सगळ्यात रुंद भागात, बाहेर डोकावत असेल तर तुम्हाला २ई किंवा ४ई हवी. तिथे ठीक बसतंय, पण बोटांच्या शेंड्यांपाशी, खासकरून अंगठ्याच्या बाजूला रेघ बाहेर जातेय? मग रुंदीचं अक्षर वाढवून फारसा उपयोग नाही, पुढचा आकारच वेगळा लागेल. आणि दोन्हीकडे ठीक असून पायाच्या वरच्या बाजूला नाडी रुतत असेल, तर ती एक भोक सोडून ओवून पाहा. नवा बूट लागणारही नाही कदाचित.

आता बुटांकडे वळू.

करंगळीच्या मुळाशी रेघ बाहेर जाणाऱ्या पायासाठी न्यू बॅलन्सचा १०८० हा माझा पहिला पर्याय. २ई आणि ४ई दोन्ही मिळतात. ड्रॉप, म्हणजे टाच आणि चवड्याच्या उंचीतला फरक, तेराव्या आणि चौदाव्या आवृत्तीत ६ मिमी आहे. तेरावा अगदी लोण्यासारखा मऊ, चौदावा जरा घट्ट. तुमचं वजन ऐंशी किलोच्या पुढे असेल तर मी चौदाव्याकडेच बोट दाखवेन. सोलमधला गादीचा फोम फार मऊ असेल तर जड पावलाखाली एका कडेला दबतो, आणि रुंद पाय त्याच कडेवर उभा असतो.

असिक्सचा जेल-निम्बसही २ई आणि ४ई मध्ये निघतो. २०२३ च्या पंचविसाव्या आवृत्तीपासून हा बूट पार बदलला. फोम बराच वाढला, आणि बाहेरून दिसणारं, धक्का झेलणारं जेल आत गेलं. ड्रॉप ८ मिमी. टाचेवर उतरणाऱ्यांना आणि पोटऱ्या कायम आखडलेल्या असणाऱ्यांना १०८० पेक्षा हा सोपा जाईल. सत्ताविसाव्या आवृत्तीत टाचेखाली ४० मिमीच्याही वर उंची आहे. जागतिक अ‍ॅथलेटिक्सच्या नियमात रस्त्यावरच्या शर्यतींसाठी मर्यादा ४० ची आहे खरी, पण आपल्या मागे पट्टी घेऊन कोण येतंय! तक्रार वेगळी आहे. वरचं कापड जाड आणि गादीदार, पावसाळ्यात एकदा भिजलं की सकाळपर्यंत वाळेल याची खात्री नाही.

होका बोंडी बघताक्षणी रुंद पायांसाठीच केलाय असं वाटतं, कारण सोल खालून भलताच पसरट आहे. पायाला त्यावर उभं राहायला जागा मिळते हे खरंच, आणि त्यामुळे एवढी उंची असूनही तो डुगडुगत नाही. पण वरून बघा, पुढे बोटांकडे बूट निमुळता होत जातो. नेहमीच्या रुंदीत करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दाटीवाटीने बसतं. बोंडी घ्यायचा तर रुंद मापातच. नवव्या आवृत्तीचा ड्रॉप ५ मिमी. सोल झुलत्या खुर्चीच्या पायासारखा वळलेला असल्यामुळे चवड्याच्या सांध्यांना कमी वाकावं लागतं, म्हणून अंगठ्याचा सांधा दुखणाऱ्यांना तो बरेचदा मानवतो. वेगात पळायला मात्र जड. रोजच्या निवांत पळण्याला, लांब चालण्याला आणि दिवसभर उभं राहण्याच्या नोकरीला मी तो सुचवेन.

पेन्सिलीची रेघ अंगठ्यापाशी बाहेर गेली असेल, तर वरचे तिन्ही बाजूला ठेवा आणि ऑल्ट्राचा टोरिन बघा. २००९ मध्ये सुरू झालेली ही कंपनी पावलाच्या आकाराचा पुढचा भाग करते. अंगठा सरळ राहतो, आत वळत नाही. फोम ३० मिमीच्या आसपास, म्हणजे निम्बसएवढी गादी नाही, पण कोरडा पाव म्हणावा इतका कडकही नाही. गोम ड्रॉपमध्ये आहे. तो शून्य आहे, टाच आणि चवडा एकाच पातळीवर. वर्षानुवर्षं १० मिमीच्या बुटात पळालेल्या माणसाने पहिल्याच रविवारी यात पंधरा किलोमीटर मारले, तर पोटऱ्या आणि टाचेवरची शीर दुसऱ्या दिवशी जिना उतरू देणार नाही. आठवड्यातून एखादं छोटं पळणं, उरलेलं जुन्या बुटात, आणि काही आठवडे तसंच. एवढा धीर नसेल तर टोपो अ‍ॅथलेटिकचा फँटम किंवा अ‍ॅटमॉस बघा. पुढे तशीच मोकळी जागा आणि ड्रॉप ५ मिमी. पण ते मिळवणं हाच एक उद्योग आहे.

ब्रूक्सचा घोस्ट? रुंद मापं भरपूर, गादी मध्यम, स्वभाव सरळ. कशाचीच खोडी नको असेल तर चांगला.

रुंद म्हणून जे विकतात त्यात एक मेख असते. काही मॉडेलांत फक्त वरचं कापड सैल केलेलं असतं, खालचा सोल तोच. अशा बुटात चावणं थांबतं, पण पाऊल फोमच्या कडेबाहेर लोंबतं आणि घोटा आत कलतो. पार्सल आलं की आधी इनसोल बाहेर काढून त्यावर उभे राहा. दोन्ही बाजूंना मांस बाहेर येत असेल तर बूट परत करा, घरातसुद्धा वापरू नका, नाहीतर परत घेणार नाहीत.

साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनसाठी घेत असाल तर एक जादा गोष्ट. यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तोच उतरून परत यायचं. काळी पडलेली नखं बहुधा उताराची देणगी असते, कारण तिथे पाय दर पावलाला पुढे आदळतो. पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी मोकळी जागा हवी, आणि घोट्याजवळच्या शेवटच्या भोकातून नाडीचा फास करून टाच मागे बांधून ठेवायला हवी. यासाठी मी बोंडीपेक्षा १०८० घेईन.

किंमत या सगळ्यांचीच चटका लावणारी. नवी आवृत्ती आली की मागची स्वस्त होते आणि पायाला त्याने बहुधा फार फरक पडत नाही. मात्र सवलतीत २ई आधी संपते, तेव्हा डीवर समाधान मानू नका.

अमेरिकेतल्या भाच्याला आणायला सांगणार असाल तर तिकडे रुंद मापं सहज मिळतात. फक्त त्याला “आठ नंबर” एवढंच कळवू नका. पुरुषांचा अमेरिकी ९ असिक्समध्ये यूके ८ असतो, न्यू बॅलन्समध्ये साडेआठ. डब्याच्या लेबलावर सेंटिमीटरचा आकडाही छापलेला असतो. तो आणि रुंदीचं अक्षर, दोन्ही व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा. तो विमानात बसला की माप बदलायची सोय संपली.